१ लाख पौंड पगार असलेल्या आईवडिलांना पाळणाघरासाठी सरकारी मदत मिळावी का? इंग्लंडमधला वाद नेमका काय आहे?

पगारवाढ कुणाला नको असते? पण इंग्लंडमध्ये लहान मुलं असलेले काही नोकरदार पगारवाढ टाळतात, बोनस थेट पेन्शनमध्ये वळवतात, नाहीतर आठवड्याचे पाच दिवस काम करण्याऐवजी चारच दिवस करतात. याचं कारण आहे पाळणाघराचं बिल. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचं वार्षिक उत्पन्न १ लाख पौंडांच्या वर गेलं, की मुलांच्या सांभाळासाठी मिळणारी बहुतेक सरकारी मदत एका झटक्यात बंद होते.

१ लाख पौंड म्हणजे १ कोटी रुपयांहून जास्त. एवढं कमावणाऱ्यांना सरकारने मदत का करावी, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. ब्रिटनमध्येही अनेकांना हाच प्रश्न पडतो. पण हा वाद 'श्रीमंतांना मदत हवी की नको' एवढ्यावर संपत नाही. नियमाची रचना कशी आहे, त्यातून कोण सुटतं, कोण अडकतं आणि कोण मुळात त्यात नाहीच, हे पाहिल्याशिवाय तो कळत नाही.

इंग्लंडमध्ये सध्या काय मदत मिळते?

इंग्लंडमधल्या मदतीचे ढोबळमानाने तीन भाग आहेत.

पहिला भाग सर्वांसाठी आहे. तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्याला १५ तास मोफत मिळतात. वर्षातले ३८ आठवडे, म्हणजे एकूण ५७० तास. आईवडील काय करतात, किती कमावतात, हे विचारलं जात नाही.

दुसरा भाग नोकरी किंवा व्यवसाय करणाऱ्या आईवडिलांसाठी आहे. सप्टेंबर २०१७ पासून त्यांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला ३० तास मिळू लागले. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी या योजनेचा मोठा विस्तार जाहीर केला. त्यानुसार एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना १५ तास, सप्टेंबर २०२४ मध्ये नऊ महिन्यांपासूनच्या बाळांना १५ तास आणि सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिने ते शाळेत जाईपर्यंतच्या मुलांना ३० तास मिळू लागले. मध्यंतरी सरकार बदललं. जुलै २०२४ मध्ये लेबर पक्ष सत्तेवर आला, पण त्यांनीही हा विस्तार सुरू ठेवला.

तिसरा भाग आहे 'टॅक्स-फ्री चाइल्डकेअर'. यात पालकांनी एका ऑनलाइन खात्यात ८ पौंड भरले की सरकार त्यात २ पौंड टाकतं. एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त २,००० पौंड मिळतात. मूल अपंग असेल तर ही मर्यादा ४,००० पौंड आहे. हे पैसे नर्सरी, नोंदणीकृत चाइल्डमाइंडर किंवा शाळेनंतरच्या क्लबसाठी वापरता येतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागासाठी दोन अटी आहेत. घरात आईवडील दोघं असतील तर दोघांनाही कमाई हवी. प्रत्येकाची कमाई किमान वेतनाने आठवड्याला १६ तास काम केल्याइतकी तरी असली पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दराने ही रक्कम आठवड्याला साधारण १९५ पौंड होत होती. दुसरी अट म्हणजे दोघांपैकी कुणाचंही वार्षिक उत्पन्न १ लाख पौंडांपेक्षा जास्त नको. या अटी अजूनही पूर्ण होतात, हे पालकांना दर तीन महिन्यांनी ऑनलाइन सांगावं लागतं.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण अशी की ही मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाला नाही, एकेका व्यक्तीच्या उत्पन्नाला आहे.

समजा, एका घरात आई आणि वडील दोघंही ९९ हजार पौंड कमावतात. घरात वर्षाला १ लाख ९८ हजार पौंड येतात आणि सगळी मदत मिळते. शेजारच्या घरात वडिलांना १ लाख १ हजार आणि आईला २८ हजार पौंड पगार आहे. या घराचं एकूण उत्पन्न पहिल्या घरापेक्षा बरंच कमी आहे. तरीही त्यांना ३० तास मिळत नाहीत आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअरही नाही. एकटीने मूल वाढवणाऱ्या आईचा पगार १ लाख १ हजार असेल तर तिलाही नाही.

दुसऱ्या घरात पुढे काय होतं, हे महत्त्वाचं आहे. एक वर्षाच्या बाळाच्या नर्सरीचं पूर्ण बिल भरायचं म्हटलं, की आईचा बहुतेक पगार त्यातच जातो. मग 'तू नोकरी कशाला करतेस?' हा प्रश्न घरात येतो. मर्यादा ओलांडली वडिलांच्या पगाराने, पण नोकरी सुटण्याची वेळ येते आईवर.

दुसरी अडचण म्हणजे मदत हळूहळू कमी होत नाही, एकदम बंद होते. ब्रिटनमध्ये याला 'क्लिफ एज' म्हणतात. मराठीत सांगायचं तर हा उत्पन्नाचा कडेलोट आहे. एक पाऊल पुढे टाकलं की थेट खाली.

आकडे काय सांगतात?

समजा, एका आईला एक मूल एक वर्षाचं आणि एक तीन वर्षांचं आहे. तिचा पगार ९९ हजार पौंडांवरून १ लाख १ हजार झाला. या २,००० पौंडांपैकी तिच्या हातात किती येतील?

पहिल्या हजारावर ४० टक्के प्राप्तिकर आणि २ टक्के नॅशनल इन्शुरन्स लागतो. १ लाखाच्या पुढे मात्र आणखी एक नियम लागू होतो. तिथून पुढच्या प्रत्येक २ पौंडांमागे करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १ पौंडाने कमी होत जाते. ही मर्यादा १२,५७० पौंड आहे आणि उत्पन्न १ लाख २५ हजार १४० पौंडांवर पोहोचलं की ती शून्य होते. त्यामुळे या टप्प्यात प्रत्यक्ष करदर ६० टक्के पडतो. नॅशनल इन्शुरन्स धरून ६२ टक्के. हिशेब केला तर २,००० पौंडांच्या वाढीतले ९६० पौंड हातात येतात.

आता गेलं किती ते पाहू. एक वर्षाच्या मुलाचे ३० तास, म्हणजे वर्षाचे १,१४० तास गेले. तीन वर्षांच्या मुलाचे सर्वांना मिळणारे १५ तास राहिले, वरचे १५ म्हणजे ५७० तास गेले. एकूण १,७१० तास. नर्सरीचा दर तासाला ६ पौंड धरला तरी हे १०,२६० पौंड होतात. दोन मुलांसाठी मिळू शकणारं टॅक्स-फ्री चाइल्डकेअरही गेलं. म्हणजे ९६० पौंड मिळवण्यासाठी १० हजारांहून जास्त गमावले.

ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२३ च्या विस्तारानंतर असाच हिशेब मांडला होता. तीन वर्षांखालची दोन मुलं आणि आठवड्याला ४० तास नर्सरी, असं गृहीत धरलं होतं. अशा पालकाचा पगार १ लाखाच्या पुढे गेला की हातातलं उत्पन्न १४,५०० पौंडांनी घटतं. ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर यायला पगार १ लाख ३४ हजार ५०० पौंडांवर जावा लागतो, असं या संस्थेने दाखवलं.

लोक यातून मार्ग कसा काढतात?

उत्पन्न मोजताना पेन्शनमध्ये भरलेली रक्कम वजा होते. त्यामुळे १ लाख ५ हजार पगार असलेली व्यक्ती ५ हजारांहून थोडे जास्त पेन्शनमध्ये टाकते आणि मर्यादेच्या आत राहते. ज्यांचं घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता जास्त आहे त्यांना हे जमतंच असं नाही, कारण पेन्शनमधले पैसे अनेक वर्षं काढता येत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे काम कमी करणं. समजा, १ लाख १० हजार पौंड पगाराची डॉक्टर आठवड्याला पाचऐवजी चार दिवस काम करू लागली. पगार ८८ हजारांवर येतो. कर वजा जाता तिच्या हातात वर्षाला साधारण १०,७६० पौंड कमी येतात. पण तिलाही वरच्यासारखीच दोन मुलं असतील तर १०,२६० पौंडांचे मोफत तास परत मिळतात, वर टॅक्स-फ्री चाइल्डकेअर, आणि नर्सरीचा एक दिवस वाचतो. एक दिवस कमी काम करून घरचं गणित जवळपास तिथेच राहतं.

सरकारचं मात्र तसं नाही. प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स मिळून तिजोरीत वर्षाला साधारण ११,२४० पौंड कमी येतात. शिवाय मदत सुरू होते, तिचा खर्च वेगळा. आणि ती डॉक्टर असेल तर रुग्णालयातला तिचा एक दिवसही गेलेला असतो.

मदत देऊ नये, असं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद काय आहे?

पहिला मुद्दा प्राधान्याचा आहे. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये पूर्णवेळ नोकरदारांचं मधलं वार्षिक वेतन, म्हणजे निम्मे ज्याच्या वर आणि निम्मे ज्याच्या खाली कमावतात तो आकडा, साधारण ३७,४०० पौंड होता. त्याच्या अडीच पटींहून जास्त कमावणाऱ्याच्या पाळणाघरासाठी कमी पगाराच्या लोकांनी कर का भरावा?

मार्च २०२४ मध्ये हंट यांनी आपल्या मतदारसंघातल्या एका महिलेशी झालेल्या बोलण्याचा दाखला देत, घरकर्ज असेल तर त्या भागात १ लाख पौंड हा फार मोठा पगार नाही, अशा अर्थाचं विधान केलं. त्यावर लगेच टीका झाली. सामान्य पगारदाराला हे ऐकून काय वाटेल, असा सवाल विचारला गेला.

दुसरा मुद्दा परिणामाचा आहे. जास्त पगाराच्या पालकांपैकी अनेक जण मदत मिळाली नाही तरी मुलांना नर्सरीत पाठवतील आणि नोकरीही करतील. अशांना दिलेला पैसा त्यांचा खर्च वाचवतो, पण त्यातून नवीन काही घडत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. ३० तासांच्या योजनेत वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे. आई किंवा वडील बेरोजगार असतील, शिक्षण घेत असतील किंवा फार कमी तास काम करत असतील, तर मुलाला ३० तास मिळत नाहीत. सरकारी भत्त्यांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांतल्या दोन वर्षांच्या मुलांसाठी १५ तासांची वेगळी योजना आहे आणि युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या नोकरदारांना खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत परतावा मिळू शकतो. पण पालक काम करत नसेल तर मूल नर्सरीत निम्माच वेळ जातं. सटन ट्रस्ट ही शिक्षणातल्या विषमतेवर काम करणारी संस्था अनेक वर्षं हेच सांगते आहे, की ज्या मुलांना नर्सरीची सर्वाधिक गरज आहे तीच या योजनेबाहेर राहतात. नवा पैसा असेलच तर तो आधी तिथे जावा, असा हा युक्तिवाद आहे.

मग मदत द्यावी, असं का म्हटलं जातं?

या बाजूचे लोक पाळणाघराकडे वेगळ्या नजरेने पाहतात. त्यांच्या मते ही गरिबांसाठीची सवलत नाही, तो काम करण्यासाठी येणारा खर्च आहे. नोकरी केली नाही तर हा खर्चही नसतो. १ लाख पौंड कमावणारी व्यक्ती वर्षाला साधारण ३१ हजार पौंड प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्सपोटी भरते. मुलं लहान असतानाची चार-पाच वर्षं ती कामावर टिकली, तर पुढची पंचवीस-तीस वर्षं ती कर भरत राहते. या काळात नोकरी सुटली किंवा बढती हुकली, तर नुकसान भरून निघायला खूप वेळ लागतो. आणि बहुतेक घरांत ही नोकरी आईची असते.

दुसरं म्हणजे शाळा आणि दवाखाना. ब्रिटनमध्ये सरकारी शाळा आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा सर्वांना मोफत आहे. तिथे उत्पन्न विचारत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाच्या शाळेसाठी वडिलांचा पगार पाहिला जात नाही, मग दोन वर्षांच्या मुलासाठी का पाहायचा?

ब्रिटनमध्येच याचं एक उदाहरण आहे. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२१ पासून तीन आणि चार वर्षांच्या सर्व मुलांना वर्षाला १,१४० तास मोफत मिळतात. पालक नोकरी करतात का आणि किती कमावतात, याची अट नाही. त्यामुळे बेरोजगार आईचं आणि बँकेतल्या अधिकाऱ्याचं मूल तिथे एकाच हक्काने येतं.

इतर देशांनी काय केलं?

ऑस्ट्रेलियात कुटुंबाचं एकत्र उत्पन्न पाहतात. जुलै २०२३ पासूनच्या रचनेत ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत उत्पन्न असेल तर शुल्काच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू लागलं. त्यापुढे प्रत्येक ५ हजार डॉलरमागे ते एक टक्क्याने कमी होत जाई आणि २०२३ च्या आकड्यांनुसार ५ लाख ३० हजारांवर शून्य होई. म्हणजे वरच्या उत्पन्नाच्या कुटुंबांनाही थोडी मदत मिळते, पण पगार वाढला म्हणून कुणी एकदम उघड्यावर पडत नाही.

स्वीडनने २००२ मध्ये पालकांच्या शुल्कावर कमाल मर्यादा घातली. पहिल्या मुलासाठी उत्पन्नाच्या ३ टक्के, दुसऱ्यासाठी २ आणि तिसऱ्यासाठी १ टक्का. हिशेबात धरायच्या उत्पन्नालाही मर्यादा आहे. जास्त कमावणारे जास्त देतात, पण एका ठरावीक रकमेपर्यंतच.

कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलर असा सर्वांना सारखा दर ठेवला. २०१५ मध्ये उत्पन्नानुसार जादा शुल्क आणलं आणि २०१९ मध्ये ते रद्द करून पुन्हा एकच दर केला. या योजनेमुळे नोकरी करणाऱ्या आयांची संख्या वाढली, यावर अभ्यासकांचं एकमत आहे. अर्थतज्ज्ञ पिएर फोर्ता आणि सहकाऱ्यांनी २००८ साठी हा आकडा साधारण ७० हजार काढला आणि वाढलेल्या करातून योजनेचा खर्च निघतो, असं मांडलं. दुसरीकडे बेकर, ग्रुबर आणि मिलिगन यांच्या २००८ मधल्या अभ्यासात मुलांच्या वर्तनावर काही वाईट परिणाम दिसले. स्वस्त जागा वाढवताना दर्जाकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, या चर्चेत हा अभ्यास आजही पुढे केला जातो.

कडेलोट टाळता येतो का?

येतो, आणि भारतीय करदात्यांना याचं एक उदाहरण माहीत आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नावर कर नाही. मग १२ लाख १० हजार उत्पन्न झालं तर? सरळ हिशेबाने कर ६१,५०० रुपये येतो. म्हणजे १० हजार जास्त कमावून ६१,५०० गमावायचे. तसं होऊ नये म्हणून 'मार्जिनल रिलीफ' आहे. मर्यादेच्या वर जेवढी कमाई, तेवढाच कर, म्हणजे १० हजार रुपये आणि त्यावर उपकर.

ब्रिटनने स्वतःही हे केलेलं आहे. मुलांसाठीच्या 'चाइल्ड बेनिफिट' भत्त्यात एप्रिल २०२४ पासून ६० हजार पौंडांपासून कपात सुरू होते आणि ८० हजारांवर भत्ता पूर्ण संपतो. मधल्या टप्प्यात तो थोडा थोडा कमी होतो.

मग इथे तसं का नाही? एक कारण सोयीचं आहे. ब्रिटनमध्ये १९९० पासून पती-पत्नीचा प्राप्तिकर स्वतंत्र मोजला जातो. कर खात्याकडे व्यक्तीचं उत्पन्न असतं, कुटुंबाचं नाही. चाइल्ड बेनिफिटसाठी कुटुंबाचं उत्पन्न पाहण्याची योजना हंट यांनी जाहीर केली होती. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात लेबर सरकारने ती सोडून दिली. दुसरं कारण असं की तास हे पैशांसारखे थोडे थोडे कापणं अवघड आहे. तिसरं कारण राजकीय आहे. वरच्या पगाराच्या लोकांसाठी नियम सैल केला, असं निवडणुकीत सांगणं कुठल्याच पक्षाला सोपं नाही. त्यामुळे २०१७ मध्ये लागू झालेली १ लाखाची मर्यादा महागाई वाढूनही तिथेच आहे आणि दरवर्षी तिच्या कक्षेत नवे लोक येत आहेत.

ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांचा याच्याशी काय संबंध?

आयटी, बँकिंग आणि आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी कुटुंबांना १ लाखाच्या मर्यादेआधी आणखी एक अट आडवी येते. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या परवान्यावर सहसा 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' असा शेरा असतो. पती-पत्नी दोघांच्याही परवान्यावर तो असेल तर ३० तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर मिळत नाही, मग पगार ४० हजार असो की ९० हजार. कर मात्र इतरांइतकाच भरावा लागतो. दोघांपैकी एक जण ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी असेल, तर बाकी अटी पूर्ण करून अर्ज करता येतो.

तीन आणि चार वर्षांच्या मुलांना मिळणाऱ्या १५ तासांना मात्र व्हिसाची अट नाही. त्यासाठी थेट नर्सरीत चौकशी करता येते. आपल्याला काहीच मिळणार नाही, असं समजून हा हक्क सोडून देण्याची गरज नाही.

थोडक्यात

हे वेगवेगळे प्रश्न एकत्र आल्यामुळे वाद गुंतागुंतीचा झाला आहे. पाळणाघर ही गरिबांसाठीची मदत मानली तर उत्पन्नाची मर्यादा योग्य ठरते. तो काम करण्याचा खर्च मानला तर काम करणाऱ्या प्रत्येकाला त्यात वाटा मिळायला हवा. आणि ते मुलाचं शिक्षण मानलं तर वरची आणि खालची, दोन्ही मर्यादा चुकीच्या ठरतात. इंग्लंडच्या योजनेत या तिन्ही कल्पना एकदम आहेत.

मदत द्यावी की नाही, यावर मतभेद राहतील. पण पगार थोडा वाढला म्हणून घर हजारो पौंडांनी मागे जातं, हे दोन्ही बाजूंपैकी कुणालाच साध्य करायचं नव्हतं. मदत टप्प्याटप्प्याने कमी करणं हा त्यावरचा ओळखीचा उपाय आहे. त्यासाठी लागणारा पैसा आधी तिथे वापरायचा, की बेरोजगार आईच्या मुलाला उरलेले १५ तास देण्यासाठी, हा खरा अवघड निर्णय आहे.